वहीत न मांडलेली जमा



या सदरातून आपण बहुतेक वेळा ठेवी, नामनिर्देशन, कर्जाचे हप्ते आणि मृत्युपत्र यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. परंतु तोही हिशोबाचाच आहे.

आपल्या श्रद्धांजलीच्या पानावर कोणा ना कोणा मातेचे छायाचित्र नेहमी असते. त्याखाली 'धर्मपरायण, प्रेमळ, मनमिळाऊ, आतिथ्यशील' अशी विशेषणे असतात. छायाचित्रे बदलतात, विशेषणे तीच राहतात. ती खोटी असतात असे मुळीच नाही. परंतु बँकेत मी जी चार दशके काढली, त्यांत एक गोष्ट पक्की शिकलो. नोंदी नसताना नुसती शिल्लक दाखवली, तर कोणताही तपासनीस ती मान्य करीत नाही. साठ वर्षे एक घर चालवणाऱ्या स्त्रीची शिल्लक आपण चार शब्दांत दाखवतो आणि नोंद मात्र एकही ठेवत नाही. म्हणून आज माझ्या मोठ्या वहिनींच्या आयुष्यातील काही नोंदी मांडतो. त्या गेल्या वर्षी माघात, वयाच्या ८० व्या वर्षी गेल्या. त्या कोणी प्रसिद्ध व्यक्ती नव्हत्या. बार्शीसारख्या व्यापारी गावात एका आडत दुकानदाराची पत्नी, तीन मुलांची आई आणि पाच नातवंडांची आजी, एवढीच त्यांची ओळख.

वहिनी १९६४ साली आमच्या घरी आल्या. माहेर कुर्डुवाडीच्या पलीकडचे एक लहान गाव. वऱ्हाड अरुंद मापाच्या 'बार्शी लाइट'ने आले होते. त्या वेळी त्या १९ वर्षांच्या आणि मी ७ वर्षांचा. तरीही पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'भाऊजी' म्हटले आणि 'अहो-जाहो'च केले. चड्डीची नाडी बांधता न येणाऱ्या मुलाला 'भाऊजी, तुम्ही जेवलात का?' असे कोणी विचारले, की तो एका रात्रीत मोठा होतो. तीन वर्षांनी आमची आई गेली. त्यानंतर आम्हा धाकट्या भावंडांचे सारे त्यांनीच केले. पण आईच्या जागी बसण्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. त्या वहिनीच राहिल्या.

वाड्यात माणसे चौदा. खाली दुकान आणि कोठार, वर राहणे. वहिनींचा दिवस आडावर सुरू होई. दुहेरी कापडाच्या गाळण्यातून पाणी गाळायचे, गाळणे उलटे करून त्यावर गाळलेलेच पाणी ओतायचे आणि गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव त्या पाण्यासह पुन्हा त्याच आडात पोहोचवायचे. यालाच आपण जिवाणी म्हणतो. पुष्कळ घरांत जिवाणी वरूनच ओतून देत. वहिनी मात्र भांडे दोरीने थेट पाण्यापर्यंत सोडीत आणि तिथे हलकेच उपडे करीत. 'वरून टाकले तर वाचवले काय आणि मारले काय, सारखेच,' असे त्या म्हणत. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची. ती उलटली की पुन्हा गाळायचे. चौदा माणसांच्या घरात हे दिवसातून किती वेळा होत असेल, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम आपल्या सर्वांच्या घरी असतो, निदान असे. पण आडत दुकानात हंगामाच्या दिवसांत तूर आणि हरभऱ्याच्या गाड्या दुपारनंतरही येतच राहतात. पुरुषांचे जेवण लांबे आणि हमाल तर उपाशीच राहत. वहिनींनी सासऱ्यांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एकच विचारले, 'मामंजी, चौविहार आपला; पण त्यांना भूक नसते का?' त्या हंगामापासून चार वाजता हमालांसाठी भाकरी, मुगाची आमटी आणि लसूण न घातलेली शेंगाचटणी खाली जाऊ लागली. काही हमाल लसूण नाही म्हणून सुरुवातीला हसत. पुढे त्यांतल्याच एकाने मुलीच्या लग्नात ती चटणी वहिनींकडून मागून नेली.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेले वाचक अजून आहेत. रोजगार हमीची खडी फोडणारी माणसे, शाळेतली सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी आम्ही जवळून पाहिली. आमच्या कोठारात त्या वर्षी ज्वारी होती. भाव दर आठवड्याला चढत होता आणि माल धरून ठेवणे हा व्यापाराचा सरळ नियम होता. वडील काही कायदा मोडत नव्हते. वहिनींनी त्यांच्याशी एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांनी तूप सोडले. दोन आठवड्यांनी गूळ-साखर सोडली. घरात रसत्याग कोणी ना कोणी करीतच असे, म्हणून प्रथम कोणाच्या लक्षात आले नाही. मग दूधही सोडले, तेव्हा वडिलांनी पानावर बसल्या बसल्या कारण विचारले. त्या दाराआडून म्हणाल्या, 'आपली जुनी कुळे मिलो खातात. मला तूप गोड लागत नाही.'

वडील जेवण टाकून उठले. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिवाणजींना बोलावून जुन्या कुळांची यादी काढायला सांगितली आणि प्रत्येकाला माणशी ठरावीक ज्वारी मागील महिन्याच्या भावाने, उधारीवर दिली. नफा सोडला, भांडवल सोडले नाही. ती उधारी पूर्ण वसूल व्हायला पुढे चार वर्षे लागली, थोडी बुडाली. मी तेव्हा १५ वर्षांचा होतो. अपरिग्रहावरची प्रवचने मी पुढे पुष्कळ ऐकली. पण अपरिग्रहाचा भाव क्विंटलला किती पडतो, हे मी त्या वर्षी वहीत पाहिले.

हे वाचून वहिनी संतपदाला पोहोचल्या होत्या असा कोणाचा समज होऊ नये. त्यांची जीभ तिखट होती. दूध उतू गेले तर तीन दिवस त्याचा उल्लेख होई. एका जावेशी भांड्यांच्या वाटणीवरून त्या तीन वर्षे बोलल्या नाहीत. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या गल्लीची क्षमा मागून येत आणि त्या एका दारापाशी पावले अडखळत. चौथ्या वर्षी त्या गेल्या, हात जोडले आणि परत येऊन म्हणाल्या, 'दहा उपवासांपेक्षा हे एक दार जड.' त्यानंतर त्या दोघी अखेरपर्यंत एकमेकींच्या सुखदुःखाच्या सोबतिणी होत्या.

माझ्या स्वतःच्या आयुष्याला जे वळण लागले, तेही त्यांच्यामुळे. बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात बसावे अशी वडिलांची इच्छा होती. मला एम.कॉम. करून बँकेत जायचे होते. थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, वडिलांच्या बाजूचे. वहिनींनी भावनेची भाषा वापरली नाही. व्यापाऱ्याच्या घरात व्यापाऱ्याचीच भाषा वापरली. 'घरात एक पगार असू द्या. दुष्काळात आड आटतो, पगार आटत नाही.' हा युक्तिवाद वडिलांना पटला. १९८० मध्ये मी बँकेत रुजू झालो.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर लहान गावांतून शाखा निघाल्या. तरीही आपल्या घरांतील स्त्रियांची स्वतःच्या नावाची खाती पुढची कित्येक वर्षे क्वचितच असत. १९८४ मध्ये मी वहिनींना बचत खाते उघडायला नेले. अर्ज भरताना मी विचारले, 'नाव कोणते लिहू?' हा प्रश्न सोपा नव्हता. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, त्या काळी नावही बदलत. माहेरचे नाव वीस वर्षांत कोणी उच्चारले नव्हते. सोलापूरच्या ज्या श्राविकाश्रमाला पंडिता सुमतिबाई शहा यांनी आपले आयुष्य वाहिले, तिथे वहिनी सातवीपर्यंत शिकल्या होत्या. तिथला दाखला माहेरच्या नावाचा. शिधापत्रिका सासरच्या नावाची. त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, 'सासरचेच लिहा. पण सही मात्र मी शाळेत शिकले तशी करीन, चालेल?' नियमात ते बसत नव्हते, म्हणून त्यांनी नवी सही शिकून घेतली. पण कागदाच्या मागे जुनी सही त्यांनी एकदा करून पाहिली. ती सही वळणदार होती.

१९८७ साली दादा काविळीने सहा आठवडे अंथरुणावर होते. दिवाणजी रोज संध्याकाळी वह्या घेऊन वर येत आणि वहिनी माजघरात बसून रोकड व खतावणी पाहत. त्या पाहण्यात त्यांना एक खाते सापडले. आजोबांच्या काळापासून पट्टीतून कापलेले 'धर्मादाय' जमेला होते, दरवर्षी पुढे ओढले जात होते आणि खर्ची काहीच नव्हते. त्यांनी दिवाणजींना विचारले, 'हा धर्म कोणाचा? शेतकऱ्याचा ना? मग आपल्या घरात का राहतो?' दादा बरे झाल्यावर पहिले काम झाले ते बाजाराच्या आवारात पाणपोईचे. दादांनी मला नंतर सांगितले, 'तीस वर्षे ते पान मी रोज पाहत होतो. मला ते खाते दिसले, तिला त्यातले पैसे कोणाचे ते दिसले.' त्यांच्या तोंडून पत्नीविषयी एवढे मोठे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याच्या आणि सोलापूर भागाच्या स्मरणातून जाणारी नाही. आदल्या दिवसापर्यंत गणेशोत्सव आणि आपला दशलक्षण पर्व होता. वहिनींनी दहा दिवस एकाशन आणि अनंत चतुर्दशीचा निर्जळा उपवास केला होता. पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली, सगळे रस्त्यावर आले. किल्लारीचे नाव उजाडल्यावर कळले. पारण्याची तयारी चुलीवर होती. ती बाजूला ठेवून वहिनींनी दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या दशम्या करायला घेतल्या, कारण दशमी दोन-तीन दिवस टिकते. गल्लीतल्या बायका आपापले पीठ घेऊन आल्या. दुकानाचा ट्रक दुपारी निघाला. त्यानंतर त्यांनी मुगाचे पाणी घेऊन पारणे केले. पुढे शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. हे वर्तमानपत्रात वाचून वहिनी म्हणाल्या, 'भाकरी दोन दिवस पुरते. हे काम जन्माला पुरेल.' त्या वर्षापासून पर्वातील त्यांच्या दानाचा अर्धा भाग कोणा ना कोणा मुलाच्या शिक्षणाला जाऊ लागला.

आजी म्हणून त्या नातवंडांना वेगळ्याच भासल्या असाव्यात. आम्हाला धाक होता. नातवंडांना मुळीच नव्हता. पुण्यात नोकरी करणारा नातू सूर्यास्तानंतर जेवतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी त्याला नियम सांगितला नाही. फक्त दर रविवारी फोनवर विचारीत, 'आज एखादे जेवण उजेडी झाले का?' तो आठवड्यातून एक दिवस उजेडी जेवू लागला, पुढे दोन दिवस. त्याच्या घरी त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा यंत्रातून शुद्ध होऊन येणारे पाणी पाहून त्यांनी कौतुक केले. मग विचारात पडल्या. 'पाणी स्वच्छ झाले हे खरे. पण ज्यांचे घर होते, त्यांना परत कुठे सोडायचे?' नातू हसला, आणि नंतर मात्र बराच वेळ गप्प राहिला. जे घ्यायचे त्यातले ज्याचे त्याला परत पोहोचवायचे, हे त्यांच्या आडावरचे गणित तीस मजली इमारतीत कसे मांडायचे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते.

वयाच्या पंच्याहत्तरीनंतर त्यांनी मला बोलावून दागिन्यांची यादी करायला सांगितली. येथे थोडी सदराच्या नेहमीच्या विषयातली माहिती देतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. त्याप्रमाणे स्त्रीची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. तिने मृत्युपत्र केले नसेल, तर ती पती, मुलगे आणि मुली यांत सारख्या हिश्श्याने जाते. विवाहित मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असतो. सुनेला मात्र काही मिळत नाही. वहिनींना दोन्ही सुना आणि मुलगी यांना सारखे द्यायचे होते. म्हणून मृत्युपत्र करणे आवश्यक होते. ते साध्या कागदावर चालते, नोंदणी सक्तीची नाही. पण सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि ज्यांना त्यात काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्यावेत. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, म्हणून ती मालक होत नाही, हेही त्यांनी मला दोनदा विचारून घेतले. तीन वाटण्या त्यांनी स्वतः तराजूवर तोलल्या. एक ग्रॅमचा फरक निघाला, तेव्हा आपली जपमाळेची चांदीची डबी एका वाटणीत टाकली. 'सोन्याची भरपाई चांदीने होत नाही, पण डबी पाहून भांडण तरी होणार नाही,' असे म्हणून त्या हसल्या. भांडण झाले नाही.

प्रश्न निघाला तो दुसराच. त्या गेल्यावर दादांनी मंदिरात त्यांच्या स्मरणार्थ एक खोली बांधून देण्याचे ठरवले. संगमरवरी फलकाचा मजकूर तयार करताना धाकट्या नातीने विचारले, 'आजीचे माहेरचे नाव काय होते?' दोन्ही मुलगे साठीच्या आसपासचे, यशस्वी व्यापारी. दोघांनाही ते माहीत नव्हते. मुलगी म्हणाली, मामाकडे गेलो तरी सगळे 'ताई'च म्हणत. दादांकडे सर्वांनी पाहिले. पंच्याऐंशीच्या घरातले दादा हळूच उठले, आपल्या पेटीतून श्राविकाश्रमाचा दाखला काढला आणि नातीच्या हातात दिला. साठ वर्षे त्यांनी तो जपून ठेवला होता आणि साठ वर्षांत त्या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. 'आपल्याकडे पद्धत नव्हती,' एवढेच ते म्हणाले. मग नातीने ते नाव मोठ्याने वाचले आणि दादांनी मान खाली घातली. फलकावर आता दोन्ही नावे आहेत.

दादांना आज घरातली एकही वस्तू सापडत नाही. धोतर कोणत्या कपाटात, सकाळची गोळी कोणती, कोणत्या कुळाकडे लग्नाला किती आहेर केला होता, सर्व विचारावे लागते. सुना प्रेमाने सांगतात. पण अनेक प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडेही नाहीत, कारण ती एकाच माणसापाशी होती. दुकानाच्या शंभर वर्षांच्या वह्या आम्ही वाळवीपासून जपल्या आहेत. ज्या हातांनी ते दुकान भुकेच्या आणि लोभाच्या दोन्ही वेळांना सावरले, त्या हातांची एकही वही नाही. माझ्या आठवणी आहेत, म्हणून हा लेख झाला. आमच्या पिढीनंतर तेवढ्याही राहणार नाहीत.

म्हणून या चातुर्मासात एक विनंती आहे. आपल्या घरातील आई, आजी, काकू किंवा वहिनी यांच्याजवळ रोज एक सामायिकाइतका वेळ बसा आणि लिहून घ्या. माहेरचे नाव, शाळा, लग्नाचे वर्ष, कोणत्या वाहनाने सासरी आल्या, पहिला स्वयंपाक काय केला, दुष्काळात घर कसे चालले, कोणते व्रत कोणत्या कारणाने घेतले, कोणाचे देणे फेडले, कोणाची क्षमा मागायची राहिली. लोणच्याच्या प्रमाणापासून कुळांच्या नात्यांपर्यंत सर्व लिहा. तारीख घाला, वहीत लिहा, मोबाइलमध्ये ठेवून विसरू नका. त्या प्रथम 'माझ्यात काय आहे लिहिण्यासारखे?' असे म्हणतील. आपण पेन उघडून बसावे. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच हाक मारतील.

आणि त्यांच्या हयातीतच ते लिहिलेले त्यांना एकदा वाचून दाखवा. जमेची नोंद खातेदाराला दाखवायची असते, ही बँकेतली रीत घरातही पाळण्यासारखी आहे.